एका कान्याचा फरक

आई लग्न होऊन साताऱ्याहून बडोद्याला आली ती १९६६ च्या मे महिन्यात. दांडिया बाजारातला आमचा वाडा. खाली दोन मराठी बिऱ्हाडं, वर आम्ही, आणि चौकापलीकडे समोरासमोर एक गुजराती कुटुंब. चौथ्या दिवशी दुपारी आई कठड्यावर धुणं वाळत घालत होती. समोरच्या बांनी (बा म्हणजे गुजरातीत आई, त्या घरातली मोठी बाई) तांदूळ निवडता निवडता मान वर केली आणि विचारलं, "जम्यां?"

आईला वाटलं, जमलं का म्हणून विचारतायत. नवं घर, नवी माणसं, कोळशाची शेगडी. चार दिवसांत हा प्रश्न सासरच्या कुणालाही सुचला नव्हता आणि एका परक्या बाईने तो विचारला, म्हणून तिला भरूनच आलं. म्हणाली, "नाही अजून. जमेल हळूहळू."

बांना त्यातलं 'नाही' तेवढं कळलं. दोन वाजून गेलेले आणि नवी नवरी अजून उपाशी! दहा मिनिटांत चौक ओलांडून झाकलेली थाळी आली. दाळ-ढोकळी, छुंदो, वर दोन पापड. थाळी दारात घेतली ती नेमकी आजीने. पुढचा अर्धा तास आईची हजेरी चालू होती. आम्ही तुला जेवायला घालत नाही असं गावभर सांगत सुटलीस का, वगैरे.

गुजरातीत 'जमवुं' म्हणजे जेवणं. आईला हे कळलं ते दाळ-ढोकळी पोटात गेल्यावर. रिकामं भांडं परत पाठवायचं नाही, म्हणून आजीने राग बाजूला ठेवून थाळीत घडीच्या पोळ्या आणि मेथांबा घालून दिला. मग तिकडून काही आलं. मग इकडून गेलं. ती थाळी एकतीस वर्षं त्या चौकातून ये-जा करत होती. १९९७ मध्ये वाडा पाडायला काढला तेव्हा ती आमच्या भांड्यांत निघाली. बांची म्हणून मी परत द्यायला गेले, तर त्या म्हणाल्या, "ए तो तमारी छे!"

मी कागदपत्रांची भाषांतरं करते. गुजरातीचं मराठी, मराठीचं गुजराती, अधूनमधून हिंदी. खरेदीखतं, दाखले, वारसाहक्काचे कागद, पोलिसांचे जबाब. तीस वर्षं झाली. या धंद्यात शिरले तेव्हा मला वाटायचं की अवघड शब्द आपला घाम काढणार. अवघड शब्दाला कोश असतो. घाम काढतात ते सोपे शब्द. तमिळ माणूस बोलायला लागला की आपण सावध होतो, एक अक्षर कळत नसतं म्हणून चेहरा, हातवारे, सगळ्याकडे लक्ष ठेवून ऐकतो. गुजरातीचं तसं नाही. दहातले आठ शब्द घरचे निघतात, आपण निर्धास्त होतो, आणि नववा शब्द घरचाच चेहरा करून दगा देतो.

आमच्या गावाच्या नावापासूनच सुरुवात. मराठी माणूस 'बडोदं' म्हणतो आणि 'बडोद्याला' जातो. गुजराती माणूस 'वडोदरा' म्हणतो. सरकारदरबारीही १९७४ पासून वडोदराच. इंग्रजी वळणाचं 'बरोडा' काही म्हाताऱ्यांच्या तोंडी उरलंय आणि रेल्वेच्या 'बीआरसी' या कोडात. कोण कुठलं नाव घेतो यावरून त्याच्या घरात कुठल्या भाषेत भांडणं होतात हे मला कळतं. १७३४ मध्ये गायकवाडांनी हे गाव घेतलं आणि १९४९ च्या १ मे रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. मधली दोनशे पंधरा वर्षं राजवाड्यात मराठी आणि बाजारात गुजराती. इतकी वर्षं शेजारी राहिलेल्या दोन भाषा एकमेकींचे कपडे घालून हिंडणारच.

खाण्याच्या शब्दांत तर कुणाचं काय हे निवडणं मुश्कील. आईला महिन्याभरात भाकरीची आठवण यायला लागली. बा म्हणाल्या, अगं एवढंच ना, संध्याकाळी करून पाठवते. आली ती भाखरी. गव्हाची, जाडसर, खुसखुशीत, बिस्किटासारखी मोडणारी. आईने ती चहात बुडवून खाल्ली आणि ज्वारीसाठी रडली. खंडेराव मार्केटात भाजी मागितली की भाजीवाली मेथी-पालकाच्या जुड्या पुढे करायची, कारण गुजरातीत भाजी म्हणजे फक्त पालेभाजी. भोपळा, वांगं, दोडकं हे सगळं शाक. आणि उसळ! आपली उसळ म्हणजे मोड आलेली मटकी, वर खोबरं-कोथिंबीर, जरा अंगाबरोबर रस. बडोद्याची सेव-उसळ म्हणजे वाटाण्याचा झणझणीत पातळ प्रकार, वर मूठभर शेव, कांदा, बरोबर पाव आणि मागाल तितकी तरी. गाड्यावर उभं राहून नाक पुसत खाणाऱ्या पोराला तुम्ही सांगा की बाबा, 'उसळ' हा मराठी शब्द आहे. तो म्हणेल, नाही हो, ही तर आमची बडोद्याची. त्याचंही बरोबरच आहे.

पण मला खरी गंमत वाटते ती तीन क्रियापदांची. भावणं, गमणं, फावणं. तिन्ही मराठीत आहेत, तिन्ही गुजरातीत आहेत, आणि तिघांनीही दोन घरांत दोन वेगवेगळे संसार थाटलेत.

मराठीत आपल्याला पुरणपोळीही आवडते, निळा रंगही आवडतो आणि शेजारचा मुलगाही आवडतो. एकच क्रियापद जिभेला, डोळ्याला आणि काळजाला. गुजरातीत हे चालत नाही. जिभेचं खातं वेगळं, तिथे 'भावे'. मने कारेलां नथी भावतां. कारल्याशी माझं वैर नाही, त्याचा रंग सुंदर आहे, वेलीवर लटकलेलं छानच दिसतं, फक्त जिभेला नको. बाकी सगळ्याला 'गमे'. घर गमे, साडी गमे, माणूस गमे. लहानपणी मी एकदा समोरच्या घरी 'मने बटाकावडां बहु गमे छे' म्हणाले होते, तर बांची मुलं हसत सुटली. बटाटेवड्यांवर माझं मन जडलंय, त्यांच्याशी लग्नच करायचंय, असं काहीतरी त्यांच्या कानाला लागलं असावं.

आता हेच 'भावणं' मराठीत बघा. जिभेवरून उठून ते थेट मनात जाऊन बसलं. अमुक कविता भावली, तमक्याचा साधेपणा भावला. मराठीत बटाटेवडा भावत नाही. भावला म्हणालात तर समोरचा तुम्हाला समीक्षक समजेल. आणि 'गमणं' आमच्याकडे कवितेत गेलं, 'मज गमे' म्हणजे मला वाटे, आणि तिथेच म्हातारं झालं. फक्त विदर्भात ते अजून चालतंबोलतं आहे. नागपूरची माझी मावशी महिनाभर राहायला आली होती. आठव्या दिवशी म्हणाली, "मला इथे गमत नाही." आईला कळेना. गंमत नाही तर नाही, आपण काय सर्कस आणायची? बांना मात्र लगेच कळलं. त्यांच्या भाषेत 'गमतुं नथी' म्हणजे नेमकं हेच, करमत नाही, जीव लागत नाही. त्या दोघी मग रोज दुपारी पायरीवर बसायच्या. सातारकर आईपेक्षा नागपूरकर मावशीला बडोद्याची गुजराती बाई जवळची निघाली.

आणि 'फावे'. या एका शब्दासाठी मी गुजराती भाषेला काहीही द्यायला तयार आहे. रविवारी फावशे? म्हणजे रविवार सोयीचा आहे का. आ खुरशी फावशे? म्हणजे या खुर्चीत नीट बसता येईल ना. मने गुजराती फावे छे, म्हणजे मला गुजराती येतं, निदान निभतं. एनी साथे नथी फावतुं, म्हणजे त्याच्याशी पटत नाही. याचं मराठी करायला बसले की माझ्यापुढे क्रियापदांची रांग उभी राहते. जमेल, चालेल, पटेल, झेपेल, मानवेल, परवडेल. माणूस पटतो, काम झेपतं, पाणी मानवतं. आम्ही प्रत्येक अडचणीला वेगळं क्रियापद ठेवलंय आणि गुजरातीने सगळ्यांना मिळून एकच, तेही हसतमुख. 'फावशे' म्हणणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर तक्रार नसतेच. गैरसोय होणार असते, त्याला ठाऊक असतं, तरी फावशे.

मराठीत या शब्दाचं काय झालं? 'साहेब रजेवर गेले आणि पोरांचं फावलं.' सज्जन माणूस वाईट संगतीला लागावा तसं. एक 'फावला वेळ' तेवढा निष्पाप राहिला. आता गुजरातीतही 'ए फावी गयो' म्हणजे तो यशस्वी झाला, डाव साधला, असा अर्थ आहेच, तेव्हा बीज दोन्हीकडे होतं. आम्ही मराठी लोकांनी नेमकं तेवढंच पेरलं. यावरून दोन समाजांच्या स्वभावाबद्दल सिद्धान्त मांडायचा मोह मला अनेकदा झालाय. पण गुजराती माणूस समाधानी आणि मराठी माणूस संशयी, असली वाक्यं लग्नाच्या पंगतीत बरी. माझे सख्खे शेजारी गुजराती होते आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांना काहीही फावायचं नाही.

बडोद्याच्या मराठीत मात्र आम्ही हा शब्द उचलला तो गुजराती अर्थानेच. 'उद्या संध्याकाळी फावेल का तुला?' असं मी पुण्याच्या चुलतबहिणीला फोनवर विचारलं, तर ती म्हणाली, "म्हणजे? मी काय टपून बसलेय?" तसंच 'खोटं'. गुजरातीत 'खोटुं लाग्युं' म्हणजे वाईट वाटलं, राग आला. आमच्या घरात सर्रास 'खोटं नका हं लावून घेऊ' म्हणतात. पुण्याची बहीण हे वाक्य अजून लग्नकार्यात नक्कल करून दाखवते आणि मी ते खोटं लावून घेत नाही.

आता काकांची गोष्ट. ती आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झालीय की तिच्या कडा गुळगुळीत झाल्यात, तरी सांगते.

१९८४ चा जुलै. काका फॅक्टरीतून स्कूटरवर घरी येत होते. काळ्या घोड्यापाशी, म्हणजे सयाजीरावांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी, पाणी साचलेलं. गाडी घसरली, पाय खाली आला, नडगीचं हाड मोडलं. वाड्यात फोन एकच, समोरच्या घरी. आईला बोलावणं आलं. आई फोनवर ओरडली, "अगंबाई, अपघात? काळ्या घोड्यापाशी? शुद्धीवर आहेत ना?" आणि रिसीव्हर ठेवून तशीच धावत सुटली.

बांनी ऐकलं ते 'आपघात'.

मराठीत अपघात. गुजरातीत आपघात म्हणजे आत्महत्या. आप म्हणजे स्वतः, त्याने स्वतःचा केलेला घात. एका कान्याचा फरक, आणि घाबऱ्या आवाजात कुठल्या स्वराला कान्याची जाग असते? आपण ज्याला अपघात म्हणतो त्याला गुजरातीत अकस्मात म्हणतात. आपल्याकडे अकस्मात म्हणजे नुसतं अचानक. पोलिसांच्या मराठीत 'अकस्मात मृत्यूची नोंद' म्हणून तो जुना धागा अजून शिल्लक आहे, पण घरात कुणी 'काकांना अकस्मात झाला' म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी काकांना प्लॅस्टर घालून घरी आणलं. संध्याकाळी माणसं यायला लागली. समोरचं सगळं कुटुंब, पलीकडच्या पोळीतली, म्हणजे गल्लीतली, चार-पाच जणं, किराणावाले शेठसुद्धा. सगळी पांढऱ्या कपड्यांत नव्हती एवढंच. कुणी मोठ्याने बोलेना. चहा नको म्हणाले. गुजराती माणूस चहा नको म्हणतो तेव्हाच आम्हाला संशय यायला हवा होता. बा काकांच्या उशाशी बसल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "भाई, एवुं ते शुं दुःख हतुं? अमने कहेवुं हतुं ने!"

काका म्हणाले, "दुःख तो थाय ज ने, बा. हाडकुं तूटी गयुं छे."

बांच्या डोळ्यांना पाणी. शेठनी घसा साफ केला आणि आयुष्यात चढउतार यायचेच असं काहीतरी सुरू केलं. काकांनी त्यांना मध्येच थांबवून सांगितलं की तिथे उतार वगैरे काही नव्हता, रस्ता सपाट होता, फक्त पाणी दिसलं नाही. शेठनी बांकडे बघितलं. बांनी मान हलवली, म्हणजे अजून कबूल करायला तयार नाहीत. जाताना बांच्या मोठ्या मुलाने आमच्या गॅलरीचं दार हळूच ओढून कडी घातली, वर हात पोचत नाही इतक्या उंचावरची. मी तेव्हा पंधरा वर्षांची. ती कडी घालताना त्याने केलेला आवाज न होऊ देण्याचा प्रयत्न मला अजून दिसतो.

चार दिवस हे चाललं. काकांना एकटं म्हणून सोडायचं नाही, अशी त्यांनी पाळीच लावली होती. दुपारी बा, संध्याकाळी शेठ, रात्री मोठा मुलगा पत्ते घेऊन. रोज साजूक तुपातला शिरा. काका खूश. नडगी मोडल्यावर शेजारी इतके प्रेमळ होतात हे त्यांना माहीतच नव्हतं. पाचव्या दिवशी गॅरेजमधून कुणीतरी वाकलेल्या हँडलची स्कूटर चौकात आणून लावली. मोठ्या मुलाने ती बघितली, वर आला, आणि दारातूनच विचारलं, "अकस्मात थयो हतो?"

बा शरमल्या नाहीत. बा चिडल्या. "तो अकस्मात बोलो ने!" म्हणून आईला त्यांनी फैलावर घेतलं. त्या दिवसापासून शिरा बंद झाला. काका पुढे कितीतरी वर्षं म्हणायचे, वहिनी, आणखी आठवडाभर गप्प बसला असतात तर तुमचं काय गेलं असतं?

या सगळ्या भानगडींत एक शब्द मात्र असा होता की त्याने कधी दगा दिला नाही. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन वेगळे. आम्ही सिनेमाला चाललोय, म्हणजे तुम्ही घरी बसा. आपण सिनेमाला चाललोय, म्हणजे चप्पल घाला. गुजरातीत तसंच, 'अमे' आणि 'आपणे'. हिंदीत दोन्हीला एकच 'हम', इंग्रजीतही एकच. दक्षिणेत तमिळ-तेलुगूत मात्र हा भेद पक्का आहे. कानपूरहून बदली होऊन आलेल्या एका बाईंच्या शेजारी मी दोन वर्षं काम केलं. 'हम लोग कल पावागढ जा रहे हैं' असं त्या म्हणाल्या की मला दरवेळी उमजायचं नाही, सांगतायत की बोलावतायत. एकदा मी डबा भरून तयार राहिले. सांगत होत्या.

बांच्या बोलण्यात आमच्या घराचा उल्लेख 'तमारे त्यां' असा यायचा, त्यांच्या घराचा 'अमारे त्यां'. साहजिकच. माझे वडील गेले त्या वर्षी, दिवाळीच्या आधी, आई फराळाचं काही करणार नाही हे धरूनच बा वर आल्या आणि म्हणाल्या, "आ वखते घूघरा आपणे त्यां बनावीशुं." घूघरा म्हणजे करंज्या. पण कुणाच्या घरी? मी दोनदा विचारलं. आईने मला गप्प केलं. तिला आता गुजराती फावायला लागलं होतं.

माझ्या धंद्यात एवढी मुभा नसते. कागदावर कुणाचं घर ते लिहावं लागतं, गट नंबरासकट. सुरुवातीच्या काळात मध्य प्रदेशातल्या एका कोर्टाचा हिंदी कागद आला होता. दोन भावांनी 'राजीनामा' दिला, असं त्यात होतं. मी मराठीत तसंच ठेवून पुढे गेले आणि रात्री झोपेत दचकले. मराठीत आणि गुजरातीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. हिंदी कोर्टात राजीनामा म्हणजे दोन्ही बाजू राजी झाल्या, तडजोड झाली. शेतीचा वाद मिटवून घरी गेलेल्या दोन भावांना मी नोकरीवरून काढलं होतं. तसंच 'वहीवट'. मराठीत वहिवाट म्हणजे वापर, ताबा, बांधावरून जायचा पूर्वापार रस्ता. गुजरातीत वहीवट म्हणजे कारभार. संस्थानच्या काळात तालुक्याच्या अधिकाऱ्यालाच वहीवटदार म्हणत. आजच्या बोलीत मात्र 'वहीवट करवो पडशे' असं कुणी डोळा बारीक करून म्हणालं, तर तो टेबलाखालच्या कारभाराबद्दल बोलतोय असं समजावं. त्याचं भाषांतर मी करत नाही, ते सगळ्यांना आपोआप कळतं.

या गोंधळाची काळजी आमच्या गावात पूर्वीच कुणीतरी केली होती. सयाजीराव तिसरे मुळात नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, १८७५ मध्ये बारा वर्षांचे असताना दत्तक आले, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बडोद्यात आल्यावर मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा ते शिकले. आपल्या मुलखातल्या माणसाला सरकारी कागद त्याच्या भाषेत कळला पाहिजे हा त्यांचा आग्रह. त्यातून १९३१ मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' नावाचा कोश निघाला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली अशा सात भाषांतले प्रतिशब्द. ज्याला स्वतःला बाराव्या वर्षी अक्षर गिरवावं लागलं त्याने हे करवून घेतलं, याचं मला काम करताना अनेकदा बळ येतं. कोश समोर असला की वाटतं, शब्द रांगेत शिस्तीत उभे राहू शकतात. पण ते झाले कारभाराचे शब्द. माणूस खरेदीखतात शिस्तीत बोलतो, मृत्युपत्रात नाही.

गेल्या पावसाळ्यात एक मृत्युपत्र आलं. नावगाव सांगत नाही. वडोदऱ्याचे एक वृद्ध गृहस्थ, खानदेशात थोडी वडिलोपार्जित जमीन. ती त्यांनी विधवा सुनेच्या नावे केली होती. जमीन महाराष्ट्रात, म्हणून फेरफारासाठी तलाठ्याकडे मराठी भाषांतर लागणार. सगळा मजकूर ठरावीक, वकिली, मी झोपेतही केला असता. फक्त एका ठिकाणी म्हाताऱ्याने वकिलाला बाजूला सारून स्वतःचं वाक्य घातलं होतं. सुनेबद्दल मला घणी लागणी छे, तेथी.

लागणी. गुजरातीत भावना, माया, जीव असणं, सगळं त्यात येतं. मराठीत लागण म्हणजे रोग, नाहीतर उसाची. कोरोनात आमच्या सोसायटीच्या फळ्यावर दोन्ही भाषांत सूचना लागायच्या आणि मराठी मजकुरातली 'लागण' वाचून गुजराती शेजारी क्षणभर गोंधळायचे, ते मी बघितलंय.

मी मराठी शब्द शोधायला बसले. इथे मराठी गरीब नाही, उलट नको इतकी श्रीमंत आहे. लळा? तो लहान मुलाचा, मांजराच्या पिल्लाचा. सासऱ्याला सुनेचा लळा म्हटलं तर तलाठी भुवया वर करेल. ओढ? ओढीला अंतर लागतं, आणि ही तर त्यांच्याच घरात राहत होती. आपुलकी पाहुण्यांसाठी असते. कळवळा व्यासपीठावर चढून खराब झाला. जिव्हाळा बरा होता, पण तो दोन्हीकडून असावा लागतो, आणि सुनेच्या मनात काय होतं ते कागद सांगत नव्हता. प्रेम म्हणजे तर सगळंच किंवा काहीच नाही. राहिली माया. माया वरून खाली वाहते, मोठ्याकडून धाकट्याकडे. मुलगा गेल्यावर पाठीमागे राहिलेल्या सुनेवर म्हाताऱ्याची माया. बसला शब्द. चहा केला, पुन्हा वाचलं, अजून बसलेला होता. सही-शिक्का करून पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या वकिलांचा फोन. देवनागरी त्यांना सहज वाचता येते, म्हणून भाषांतर जोडण्याआधी नजर टाकली होती. म्हणाले, "बेन, आ माया एटले रोकड के दागीना? यादीमां तो खाली जमीन छे."

खाली म्हणजे त्यांच्या भाषेत फक्त. आणि माया म्हणजे, हो की, पैसाअडका. मराठीतही आपण म्हणतोच, नोकरीत बरीच माया जमवली. मृत्युपत्रात हा शब्द वकिलाच्या डोळ्यांना दुसरा कसा दिसणार?

मी म्हटलं, रोकड नाही, दागिने नाहीत, ते तुमच्या मूळ कागदातलं लागणी आहे.

वकील थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "तो पछी लागणी ज राखो ने."

"ठेवलं असतं," मी म्हटलं, "पण मग तलाठी विचारेल, म्हाताऱ्याला लागण कसली झाली होती?"